घरची प्रयोगशाळा आणि दुसरी प्रत



कार्यकारिणीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक सूचना : “फार टेक्निकल बोलू नका.” प्रयत्न करतो.

आम्ही म्हणजे मंडळातले सहा जण. सगळे तिशीतले, सगळे सॉफ्टवेअरवाले. कुणी पुण्याचं, कुणी सांगलीचं, कुणी नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज करून इथे न्यू जर्सीत आलेले. आम्हा सहाही जणांच्या बेसमेंटमध्ये एक कोपरा आहे, तिथे रात्रंदिवस हिरवे-निळे दिवे लुकलुकत असतात. आमच्या धंद्यात त्याला ‘होम लॅब’ म्हणतात. घरच्यांनी त्याला वेगळी नावं ठेवली आहेत, ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

गावाकडच्या शाळांना संगणक देण्यासाठी आज आपण जमलो आहोत. मग त्यात आमच्या बेसमेंटचं काय काम? काम आहे. संगणक विकत घेऊन देणं सोपं असतं. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही चालू असणं आणि त्यातलं मुलांचं काम शाबूत असणं, हे अवघड. ते कसं जमवायचं, याचा सराव आम्ही त्या कोपऱ्यात रोज करतो.

आधी हे दिवे कसले ते सांगतो. एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला, जाडजूड पुस्तकाएवढा छोटा डेल किंवा लेनोवोचा संगणक घ्यायचा, त्याची मेमरी वाढवायची आणि त्यावर प्रॉक्समॉक्ससारखी फुकट मिळणारी प्रणाली टाकायची. मग त्या एकाच यंत्रात पाच-सहा वेगवेगळे संगणक नांदू लागतात. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. जुन्या पुण्यातला वाडा आठवा. वाडा एक, बिऱ्हाडं सहा. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. विहीर आणि जिना मात्र सामाईक. कुणाला किती जागा, किती पाणी हे ठरवणारा वाड्याचा मालक म्हणजे ‘हायपरव्हायजर’. एका बिऱ्हाडात आदळआपट झाली तरी शेजारच्याचा संसार चालू राहतो. ही कल्पना काही आजची नाही. आयबीएमने १९७२ साली मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं, तेव्हा आमच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या पीसीवर आणली आणि २००७ मध्ये केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यात आलं. तेव्हापासून हा वाडा कुणालाही आपल्या टेबलावर बांधता येतो.

खर्चाचं विचाराल, तर असा छोटा संगणक सरासरी २० वॉट वीज खातो. वर्षभर अखंड चालला तर १७५ युनिट. युनिटला २० सेंट धरले तर वर्षाला ३५ डॉलर. याउलट एखाद्याने हौसेने डेटा सेंटरमधला जुना सर्व्हर घरी आणला आणि तो १५० वॉट खाऊ लागला, तर तेच बिल २६० डॉलरच्या पुढे जातं, आणि वर पंख्याच्या आवाजाने घरात जो संवाद सुरू होतो त्याचा हिशोब वेगळा!

हौस आहे, पण नुसती हौस नाही. आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बीवर आहेत. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. ऑफिसच्या यंत्रावर शिकलेलं ऑफिसबरोबर जातं. घरच्या यंत्रावर शिकलेलं आपल्याजवळ राहतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, परवान्यांची पद्धत बदलली आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्या हायपरव्हायजरची फुकट आवृत्तीही बंद झाली. ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली खरी, पण तोवर अनेक कंपन्यांनी दुसरे पर्याय शोधायला घेतले होते. ज्यांनी ते पर्याय आधीच घरी चालवून, मोडून, पुन्हा उभे करून पाहिले होते, त्यांना मुलाखतीत सांगायला काहीतरी होतं.

‘मोडून पुन्हा उभे करून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आजच्या बोलण्याचं सार त्यातच आहे. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं, असं सगळे समजतात. आम्ही म्हणतो, जो परत आणून दाखवला तोच बॅकअप. बाकी सगळी आशा.

एक खरी हकीगत सांगतो. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या एक ना दोन, पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी पाहिलं तर त्यातली एकही धड कामाची नव्हती. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या वेगळ्या आवृत्तीचा होता, म्हणून तो रोज निमूटपणे अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारी ईमेल निघत होती, पण ती पत्र घेणारी व्यवस्थाच नाकारत होती. शेवटी वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. कौतुक याचं, की कंपनीने काही लपवलं नाही. सगळा पंचनामा जाहीर केला. म्हणून तर आज आम्हाला त्यातून शिकता येतं.

दुसरी गोष्ट मुलांनाही आवडेल. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप काढून पाहिला तर तोही नीट नव्हता. गॅलिन सुसमन या तिथल्या तांत्रिक प्रमुख. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून स्टुडिओत आणला. घरच्या यंत्राला नावं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी!

तिसरी अगदी अलीकडची. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही व्यवस्था त्यात जळाली. ८५८ टेराबाइट! आणि तिची बाहेर कुठे दुसरी प्रत नव्हती. इतका मोठा साठा कुठे ठेवायचा, या सबबीवर ते राहून गेलं होतं.

म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आम्ही पाळतो. एकूण प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्या संतांच्या गाथा पुन्हा पुन्हा लिहिल्या गेल्या आणि गावोगावच्या लोकांच्या मुखात राहिल्या म्हणून टिकल्या. कुठल्याही एका वहीवर त्या अवलंबून नव्हत्या. त्यापेक्षा हा नियम फार वेगळा नाही.

इथे दोन-तीन गैरसमज दूर करतो. एक, दोन डिस्क जोडून एकीचं प्रतिबिंब दुसरीत ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर ती व्यवस्था उपयोगी पडते. पण तुम्ही चुकून फाइल पुसलीत तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. दोन, व्हर्च्युअल मशीनचा ‘स्नॅपशॉट’ म्हणजे वहीत घातलेली खूण. वहीच जळाली तर खूणही जळते. तीन, फोनमधले फोटो क्लाउडशी ‘सिंक’ होतात, म्हणून निर्धास्त राहू नका. फोनवर पुसलेला फोटो थोडे दिवस कचरापेटीत राहतो आणि मग सगळीकडूनच जातो.

दुसऱ्या गावच्या प्रतीचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी आलं, सप्टेंबर २०२१ मध्ये आयडाचा पाऊस झाला. आपल्या राज्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरणं म्हणजे काय ते या सभागृहातल्या अनेकांनी पाहिलंय. म्हणून आम्ही साधी युक्ती केली आहे. प्रत्येकाची एक डिस्क दुसऱ्याच्या घरी असते. मराठी शाळेत मुलांना सोडायला येतो तेव्हा महिन्यातून एकदा डबे बदलावेत तशा डिस्क बदलतो. डिस्कवर सगळं सांकेतिक रूपात असतं, त्यामुळे मित्राला आमचे फोटो दिसत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय आणि तो कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत आहे. उद्या आपलं काही बरंवाईट झालं आणि मुलांचे लहानपणचे फोटो कुणालाच उघडता आले नाहीत, तर त्या तीन प्रती काय कामाच्या?

आणि सर्वांत महत्त्वाचं, दर महिन्याला कवायत. एक व्हर्च्युअल मशीन बॅकअपमधून परत उभं करायचं. त्याचं नेटवर्क तोडून ठेवायचं, म्हणजे मूळ यंत्राशी भांडण होत नाही. आत जाऊन फायली उघडून पाहायच्या, किती वेळ लागला ते वहीत लिहायचं आणि मग ते पुसून टाकायचं. शिवाय ‘बिघडलं’ असा निरोप येण्याची वाट पाहायची नाही. ‘झालं’ हा रोजचा निरोप ज्या दिवशी आला नाही, त्याच दिवशी उठून बघायचं. घरी एवढं करायचं असेल तर संगणकशास्त्र लागत नाही. दर महिन्याला जुन्या डिस्कवरचे दहा फोटो उघडून पाहा, बस्स.

आता शाळांकडे वळतो. आमची विनंती अशी, की प्रत्येक शाळेला मुलांच्या संगणकांबरोबर एक छोटा सर्व्हर, एक यूपीएस आणि दोन जादा डिस्क द्याव्यात. सर्व्हरवर एका बिऱ्हाडात मुलांच्या फायली, दुसऱ्यात इंटरनेटशिवाय चालणारं कोलिब्रीसारखं अभ्यासाचं ग्रंथालय. एखाद्या पोराने उत्साहाच्या भरात संगणक बिघडवला तर रागवायचं कारण नाही, तयार ठेवलेली प्रत टाकली की तो पुन्हा चालू. मुलांनी न घाबरता मोडतोड करून शिकावं, हीच तर इच्छा आहे! दोन जादा डिस्कपैकी एक शाळेत, दुसरी एखाद्या शिक्षकाच्या घरी, शक्यतो उंचावर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पुराने काय केलं, ते आमच्यातल्या सांगलीकरांना विसरता येत नाही.

आणि महिन्यातली एक कवायत. ती तिथल्या शिक्षकांनी करायची. आम्ही सहा जण शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओवर सोबत बसू. पहिलं वर्षभर हे करायचा आम्ही शब्द देतो.

देणगीचा अर्ज भरताना संगणकाच्या रकान्यावर सगळ्यांची नजर आधी जाते. साहजिक आहे, संगणकाचा फोटो छान येतो, दुसऱ्या डिस्कचा येत नाही. पण त्याच अर्जात खाली ‘डिस्क व यूपीएस’ असा एक रकाना आहे. काका-काकूंनो, मित्रमैत्रिणींनो, आज थोडी रक्कम तिथेही लिहा. एखाद्या मुलीने दोन महिने खपून टाइप केलेला तिचा प्रकल्प वीज गेल्यावरही दुसऱ्या दिवशी तिला जागेवर सापडेल, तो त्या रकान्यामुळे.