यंत्राची परीक्षा आणि आपली अक्षरे



मोबाईलवरील ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी लागते. तेच बटण शंभर वेळा दाबण्याचा माणसास कंटाळा येतो, यंत्रास येत नाही. त्यासाठी अँड्रॉइड मोबाईलकरिता 'एडीबी' नावाचे साधन आहे. संगणकावर आज्ञा टंकावी; ती तारेवाटे मोबाईलमधील एका सेवक-प्रोग्रामास पोचते व तो ती बजावतो. 'इन्स्टॉल' म्हटले की ॲप बसते. 'इनपुट टॅप' लिहून दोन अंक दिले की पडद्यावर त्या जागी बोट टेकल्याप्रमाणे होते. 'लॉगकॅट'ने मोबाईलची रोजनिशीच वाचावयास मिळते. मात्र आधी मोबाईलच्या पडद्यावर अनुमती द्यावी लागते, हे मला फार योग्य वाटते.

भामरागड-एटापल्लीच्या वाटेवर रेंज जाते. 'एसव्हीसी डेटा डिसेबल' ही आज्ञा देऊन ॲप तेव्हा कसे वागेल, हे पुण्यात बसूनही पाहता येते.

अडचण निराळीच आहे. मजकूर भरणारी 'इनपुट टेक्स्ट' ही आज्ञा रोमन अक्षरे जाणते. देवनागरी दिली की अडते. मग परीक्षक रोमन नाव भरतो, ॲप उत्तीर्ण होते, आणि जोडाक्षर मोडल्याचे प्रथम कळते ते अहेरीच्या एखाद्या आजीबाईस, स्वतःचे नाव वाचताना! 'एडीबी कीबोर्ड' हे मोफत ॲप मोबाईलवर बसविले, तर देवनागरी मजकूरही संगणकावरून धाडता येतो. नागपूर-पुण्यास या कामावर असलेल्या आपल्या मुलामुलींनी परीक्षेच्या यादीत 'ज्ञ', 'ष्ट्र', 'ऱ्हा' असलेली नावे अवश्य घालावीत, अशी माझी त्यांस विनंती आहे.