गेममधला शत्रू कोण ठरवतं?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘तरुणाई आणि मोबाईल’. अशा विषयावर वक्त्याने मोबाईल किती वाईट ते सांगायचं असतं. ते तुम्ही घरी अम्मीकडून आणि कॉलेजात सरांकडून भरपूर ऐकलेलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शाळेत असल्यापासून गेम खेळतो आणि आजही ऑफिस सुटल्यावर खेळतो. त्यामुळे ‘गेम सोडा’ असा उपदेश माझ्याकडून होणार नाही. मला बोलायचंय गेम आणि बातम्या यांच्या नात्याबद्दल. कारण या दोन्ही पडद्यांवर आपल्यासारखा दिसणारा माणूस फार वेळा एकाच जागी उभा असतो, नेम धरलेल्या बंदुकीसमोर.

माझी पिढी सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ खेळत मोठी झाली. त्यात दहशतवाद्यांची टीम घेतली की गट निवडायचा पर्याय यायचा. त्यातला एक गट मध्यपूर्वेतल्या मूलतत्त्ववाद्यांचा आहे, असं त्याच्या वर्णनातच लिहिलेलं असे. सगळ्यांचा आवडता नकाशा होता ‘डस्ट २’. मातकट भिंती, कमानी, ऊन. बॉम्ब ठेवायच्या दोन जागा सगळ्यांना पाठ. त्या गावात राहतं कोण, हे मात्र आम्ही कुणी कधी विचारलं नाही. तिथे राहणारं कुणी दाखवलेलंच नव्हतं.

२००९ साली ‘कॉल ऑफ ड्युटी : मॉडर्न वॉरफेअर २’ आला. त्यात कराचीचा एक नकाशा आहे. तिथल्या दुकानांवरच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत पाट्या उर्दूत असतात. तुमच्यापैकी ज्यांनी दादीकडून उर्दूची चार अक्षरं गिरवलीत, त्यांना हे क्षणात कळेल. एवढ्या मोठ्या बजेटच्या गेममध्ये ते कुणाला तपासून घ्यावंसं वाटलं नाही. बनवणाऱ्यांच्या लेखी कराची काय आणि बगदाद काय, सगळं एकच.

पाटी चुकणं एक वेळ सोडून देऊ. २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ‘हायवे ऑफ डेथ’ नावाच्या रस्त्याचा प्रसंग येतो. एका काल्पनिक देशातल्या त्या रस्त्यावर रशियनांनी बॉम्बफेक केली, असं गेम सांगतो. याच नावाने ओळखला जाणारा खरा रस्ता कुवेतहून इराकच्या बसराकडे जातो. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याच्या वाहनांच्या रांगांवर तिथे हवाई हल्ला झाला आणि तो अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी केला होता. गेमने नाव तेच ठेवलं, करणारा बदलला. ज्याने १९९१ चा इतिहास वाचलेला नाही, त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कोणता रस्ता राहील?

यावर आपल्याकडे एक सोपं उत्तर तयार असतं, ‘हे सगळं आपल्याविरुद्धचं कारस्थान आहे.’ मला ते पटत नाही. सॉफ्टवेअर कसं बनतं ते मी रोज पाहतो. डेडलाइन असते, बजेट असतं. शत्रूचे चार-पाच चेहरे बनवायचे, तेच शंभरदा वापरायचे, त्याला दोन-तीन आरोळ्या द्यायच्या. त्याला नाव दिलं, घर दिलं, आई दिली, तर खर्च वाढतो आणि गोळी झाडताना खेळणाऱ्याचा हात अडखळतो. म्हणून शत्रू म्हणून ज्याची ओळख बातम्यांनी आधीच करून दिली आहे, तोच उचलला जातो. नव्याने काही समजावावं लागत नाही. म्हणजे गेम बातम्यांकडून शत्रू उसना घेतो आणि खेळून खेळून तो आपल्या सवयीचा करून परत देतो.

काही वेळा मात्र हेतू उघड असतो. ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम अमेरिकेच्या लष्कराने २००२ साली स्वतः काढला. तरुणांनी सैन्यात भरती व्हावं यासाठी तो फुकट दिला आणि २०२२ पर्यंत चालवला. २००३ साली लेबनॉनच्या हिजबुल्लाहनेही ‘स्पेशल फोर्स’ नावाचा गेम काढला. त्यात समोर इस्रायली सैनिक होते. साचा तोच, फक्त बाजू उलटी. आपल्या बाजूचा वाटला म्हणून दुसरा गेम बरा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. समोरच्याला चेहरा नाकारणं दोन्हीकडे सारखंच आहे.

आपल्या देशातही हे झालं. गलवानच्या संघर्षानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. दोनच दिवसांनी ‘फौजी’ नावाच्या गेमची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो आलाही. विषय अर्थात गलवान. बातमीचा गेम व्हायला आठ महिनेही लागले नाहीत.

उलटा प्रवासही होतो, म्हणजे गेमची बातमी होते. हा भाग तुमच्या सर्वांत कामाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

‘आर्मा ३’ हा चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा २०१३ चा युद्धाचा गेम आहे. तो खूप वास्तव दिसतो आणि खेळणारे त्यात हवी ती विमानं, रणगाडे स्वतः बनवून टाकू शकतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा या गेमच्या क्लिप खऱ्या म्हणून फिरल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या नावाने फिरल्या. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पुन्हा त्याच प्रकारच्या क्लिप आल्या, ‘बघा, विमान पाडलं’ म्हणून. वैतागून कंपनीनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा क्लिप कशा ओळखायच्या ते जाहीर केलं होतं.

त्या खुणा लक्षात ठेवा. क्लिप मुद्दाम धूसर असते. कॅमेरा हलत असतो. दृश्य बहुधा रात्रीचं असतं. आवाज नसतो. आणि माणसं जवळजवळ दिसत नाहीत, कारण हलती माणसं खरी वाटतील अशी दाखवणं गेमला अजून जड जातं. धूर आणि स्फोटही निरखून पाहा. खरा धूर वाऱ्याने वेडावाकडा फाटतो, गेममधला ठरलेल्या वळणाने जातो. जो दहा वर्षं गेम खेळलाय त्याला हे दोन सेकंदांत दिसतं. आपलं हे कौशल्य घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वापरा. चाचांनी क्लिप टाकली तर चारचौघांत त्यांची फजिती करू नका. बाजूला फोन करून समजावा.

हे मी एवढ्या कळकळीने का सांगतोय? अशी क्लिप फॉरवर्ड करण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. मे २०२५ मध्ये पोस्टवरून अटक होणं, कॉलेजातून काढलं जाणं हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे. तुमचं नाव काय आहे यावर लोक तुमच्या फॉरवर्डचा अर्थ लावतात. हे अन्यायाचं आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण खोटी क्लिप ती कुणाच्याही विजयाची असो, आपल्या हातून पुढे जाता कामा नये. सत्याचा आग्रह धरायचा तर तो आपल्या अंगठ्यापासून.

आता गेमच्याच दुनियेतली चांगली बाजू. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात थंडी, भूक आणि औषधाच्या काळजीत दिवस काढणारी साधी माणसं असता. पोलंडने तो शाळांच्या शिफारस केलेल्या यादीत घेतला. सीरियातून निर्वासित म्हणून ऑस्ट्रियाला पोहोचलेल्या अब्दुल्ला करमने स्वतःच्या प्रवासावर ‘पाथ आउट’ बनवायला मदत केली. नाब्लुसच्या रशीद अबुईदाने २०१६ मध्ये ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा गाझातल्या कुटुंबाचा छोटा गेम केला. ॲपलने आधी त्याला ‘गेम’ म्हणून घ्यायला नकार दिला, टीका झाल्यावर निर्णय बदलला. २०२३ च्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’मध्ये नवव्या शतकातलं बगदाद आहे. तिथे बाजार आहे, विद्वान आहेत, बैतुल हिकमा आहे. म्हणजे बगदादला राहती माणसं देता येतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने भागीदारांसह ईए ही बलाढ्य गेम कंपनी ५५ अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला. काही मित्र खूश झाले, ‘आता आपले गेम येतील.’ मालकाचा धर्म बदलल्याने कथा बदलत नाही. कथा लिहिणारा बदलावा लागतो.

तो लिहिणारा इथे बसलेला असू शकतो. ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, आणि तो जगभर खेळला गेला. युनिटी किंवा गोडो शिकायला साधा लॅपटॉप आणि नेट पुरतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर, मालेगावच्या यंत्रमागांवर, कोकणातून आखातात गेलेल्या अब्बांवर गेम का असू नये? तो मराठीत असावा, पाट्या अचूक असाव्यात, आणि त्यात जो कुणी विरोधात उभा राहील त्यालाही नाव असावं.

तोवर खेळा. २०२१ मध्ये ‘कॉल ऑफ ड्युटी : व्हॅनगार्ड’मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली, तेव्हा खेळणाऱ्यांनीच सनदशीरपणे तक्रार केली आणि कंपनीने माफी मागून ती काढली. खेळणाऱ्याचं ऐकलं जातं. फक्त दर वेळी नेम धरताना एकदा विचारा, समोरचा शत्रू आहे हे मला कुणी सांगितलं? हाच प्रश्न बातम्या बघतानाही विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हो, कोण काय खेळतं तेही सांगा.