किती सिटिंग लागतील?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मी उभी राहण्याआधीच एक चिठ्ठी हातात आली. खाली नाव नाही. एकच ओळ आहे: ‘समुपदेशनाला किती सिटिंग लागतात?’ पत्रिकेत छापलेल्या विषयापेक्षा हा प्रश्न चांगला आहे, तेव्हा आज त्याच्यावरच बोलते.

‘सिटिंग’ हा शब्द आपल्याला दातांच्या दवाखान्यात भेटतो. तिथे डॉक्टर एक्स-रे बघतात आणि ‘तीन सिटिंग’ म्हणून मोकळे होतात. आम्हा समुपदेशकांकडे मात्र विचारणारा संकोचतो आणि आम्हीही ‘बघू या’ म्हणून वेळ मारून नेतो. त्याच्या डोक्यात फीचा, अर्ध्या दिवसाच्या रजेचा, घरी काय सांगायचं याचा हिशेब चाललेला असतो. तो हिशेब रास्त आहे.

आकडा आधी ठरवावा का, हा वाद आमच्या शास्त्राइतकाच जुना आहे. 1910 साली एक श्रीमंत रशियन तरुण व्हिएन्नाला फ्रॉइडकडे आला. सर्गेई पांकेयेव्ह त्याचं नाव. पुढे तो ‘वुल्फ मॅन’ म्हणून गाजला. चार वर्षं होत आली, तरी गाडं पुढे सरकेना. तरुण नियमानं येई, सभ्यपणे बोले आणि होता तिथेच राही. उपचारांची त्याला ऊब लागली होती. शेवटी फ्रॉइडनं जाहीर केलं, की 1914च्या उन्हाळ्यात उपचार संपतील, काहीही झालं तरी. मग मात्र शेवटच्या महिन्यांत त्याच्या मनाची झाकणं भराभर उघडली. मुदत हेही औषध आहे, असं वाटावं असा हा किस्सा.

पण तो तिथे संपत नाही. महायुद्धानंतर इस्टेट गमावलेला पांकेयेव्ह पुन्हा फ्रॉइडकडे आला. 1926 साली त्याला रूथ मॅक ब्रुन्सविक यांच्याकडे उपचार घ्यावे लागले. 1979 साली तो वारला, तोवर मनोविश्लेषकांशी त्याचा संबंध कधी फारसा तुटला नाही. 1937 साली, आयुष्याच्या अखेरीला, फ्रॉइडनं उपचार संपण्या-न संपण्यावरच एक दीर्घ लेख लिहिला. मुदतीची मात्रा लागू पडते, पण नेमकी वेळ साधली तरच, आणि एकदा दिलेली तारीख मागे घेता येत नाही, असा इशारा त्यात आहे.

पुढे बोस्टनच्या जेम्स मान यांनी 1973च्या पुस्तकात बारा बैठकींची पद्धत मांडली. तिच्यात शेवटची तारीख सुरुवातीलाच सांगायची. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळ दुःखांच्या मुळाशी ताटातूट असते. मग ताटातुटीची तयारी हाच उपचाराचा भाग का करू नये?

आता आकड्यांकडे येऊ. 1986 साली अमेरिकेत केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांतल्या 2,400हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली. आठ बैठकींपर्यंत साधारण निम्म्यांना, तर सव्वीसपर्यंत सुमारे 75 टक्क्यांना उतार पडला होता. हे वाचून एखादा विमा अधिकारी म्हणेल, ‘चला, आठ पुरेत.’ त्याला विचारायला हवं, की उरलेल्या निम्म्यांनी कुठे जायचं? सरासरीच्या मापानं शिवलेला सदरा कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही.

सरकार आकडा ठरवतं तेव्हा काय होतं, ते ऑस्ट्रेलियात बघायला मिळतं. 2006पासून तिथे सरकारी आरोग्य योजनेतून मानसोपचाराच्या फीचा परतावा मिळू लागला. मर्यादा होती वर्षाला बारा बैठकी आणि अपवाद म्हणून आणखी सहा. 2011च्या अर्थसंकल्पानंतर ती दहावर आली. कोविडमध्ये, 2020 साली, वीस झाली. 2022च्या अखेरीला पुन्हा दहा. मानसशास्त्रज्ञ चिडले, कारण गुंतागुंतीच्या रुग्णांचे उपचार अर्ध्यावरच तुटणार होते. सरकारचं म्हणणं होतं, की जादा बैठकी आधीपासून येणाऱ्यांनाच मिळतात आणि नवे लोक रांगेत ताटकळतात. मेलबर्न विद्यापीठानं केलेल्या मूल्यमापनात मधला मार्ग सुचवला होता: जादा दहा ठेवा, पण ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी.

मला या भांडणात दोन्ही बाजूंचं पटतं. उपचार करणारे थोडे आणि रांग मोठी असेल, तर वाटून घ्यावं लागणारच. माझी तक्रार वेगळी आहे. पैसा कमी आहे म्हणून दहा, असं उघड सांगा. दहा बैठकींतच माणूस बरा होतो असा आव आणू नका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

आता आपल्या शेजारच्या गोव्यात या. तिथे ‘संगत’ या संस्थेनं विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकारानं तीव्र नैराश्यासाठी एक छोटा उपचार घडवला. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाच्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर घरी. भेटणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांना त्यासाठी तयार केलं होतं. कल्पना साधी: मन खचलं की माणूस एकेक काम सोडतो आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. म्हणून अंगणातल्या झाडांना पाणी घालण्यासारख्या लहान गोष्टीपासून पुन्हा सुरुवात करायची. शेवटच्या भेटी निरोपासाठी आणि पुढे पुन्हा तसं वाटू लागलं तर काय करायचं, यासाठी राखलेल्या. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. दहा आरोग्य केंद्रांतले सुमारे पाचशे रुग्ण होते. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच, पण थोड्या सुधारलेल्या सेवेवर असलेल्यांपैकी 39 टक्के.

इथे मर्यादा उपचाराच्या आतच विणलेली आहे. मला ती आवडते. पण 64 म्हणजे शंभर नव्हेत. उरलेल्या 36 जणांसाठी पुढची पायरी लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपासून दूर आढळले. 2017च्या कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा द्यायला सांगितलं, तरी दर आठवड्याच्या समुपदेशनाची फी बहुतेकांच्या खिशातूनच जाते.

म्हणून आपल्याकडची खरी मर्यादा कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. ती खिसा ठरवतो, आणि बहुतेक वेळा ती ‘एक’ असते. मानसशास्त्रज्ञ मोशे टाल्मन यांना अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेतही हेच दिसलं: सर्वांत जास्त वेळा आढळणारी भेटींची संख्या एक. अशा काही रुग्णांशी त्यांनी नंतर संपर्क साधला, तर एका भेटीनंही आपलं काम झालं, असं पुष्कळांनी सांगितलं. हे वाचल्यापासून मी पहिल्या भेटीत नुसती माहिती लिहून घेत बसत नाही. समोरचा माणूस पुन्हा येणार नाही असं धरून, जाताना त्याच्या हातात काहीतरी पडेल असं बघते.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्याला उत्तर. पहिल्याच भेटीत हाच प्रश्न बेधडक विचारा. आकडा मागणं म्हणजे कंजुषी नव्हे. ‘आठ भेटी धरू, चौथीला दोघं मिळून बघू, फरक नसेल तर पद्धत बदलू किंवा दुसऱ्याकडे पाठवेन,’ असं काही ऐकू आलं तर निश्चिंत बसा. नुसतं ‘बघू या’ आलं, तर चौथ्या भेटीला तुम्हीच विषय काढा. आणि शेवटची भेट कोणती, हे तुम्हाला त्या दिवशी दारातून बाहेर पडताना कळता कामा नये. ते आधीच्या दोन-तीन भेटींत ठरलेलं असावं, कारण निरोपालाही वेळ द्यावा लागतो.

चिठ्ठी मी परत देत नाही. उद्यापासून ती माझ्या टेबलावरच्या काचेखाली असेल, रुग्णाला वाचता येईल अशी.