नारळाच्या दुधातला भात आणि आपला आंबेमोहर

गेल्या महिन्यात आमच्या मुळशीच्या गटातल्या आम्ही तिघी आंबेमोहराचा नमुना घेऊन पुण्यात दुकानं फिरत होतो. भाव ऐकला की दुकानदार मान हलवायचे. दुपारी भूक लागली, तेव्हा शनिवार पेठेत परीक्षेच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका छोट्या खाणावळीत शिरलो. फळ्यावर लिहिलं होतं, ‘आज नासी लेमाक’. आमच्यातली एक म्हणाली, “अगं बाई, नासलेलं कशाला खायचं?”

खाणावळीच्या काकू हसल्या. त्यांची लेक मलेशियात असते, तिच्याकडे राहून त्या हे शिकल्या. नासी म्हणजे भात, लेमाक म्हणजे स्निग्ध. तिकडं न्याहारीला केळीच्या पानात बांधून विकतात.

पानावर पांढराशुभ्र भात, कडेला तळलेले शेंगदाणे, काकडी, अर्धं उकडलेलं अंडं आणि लाल मिरची, कांदा, लसूण, चिंच परतून केलेली चटणी. तिला साम्बल म्हणतात. बारीक सुकी मासळीही तळून घालतात, पण वरच्या मजल्यावरच्यांना वास चालत नाही म्हणून काकू ती गाळतात. मला आपली सुकट आठवली. आपला नारळीभात गोड, हा खारा. तांदूळ पाण्याऐवजी नारळाच्या पातळ दुधात शिजवायचा, दाट दूध उतरवताना घालायचं.

पण वास? वास थेट आंबेमोहराचा! तांदूळ कुठला विचारलं, तर साधा कोलम. काकूंनी पातेल्यातून गाठ मारलेलं एक लांब हिरवं पान काढून दाखवलं. कोकणात याला आंबेमोहराची पात म्हणतात, कुणी बासमतीचं पान म्हणतं. सुगंधी तांदळात वासाचं जे द्रव्य असतं, तेच या पानात असतं.

माझा घास तिथंच थांबला. आपला आंबेमोहर उंच वाढून लोळतो, उतारा कमी, म्हणून भाव चढा. त्याच्यापासूनच काढलेला इंद्रायणी आधीच बाजारात त्याच्या शेजारी बसलाय. आता कुंडीतलं एक पान कोलमलाही तोच वास देणार, तर आपल्याला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं काय करायचं?

काकूंना तसंच विचारलं. त्यांनी आमचा मूठभर तांदूळ शिजवून बघितला. म्हणाल्या, “नासी लेमाकला नको, हा मऊ होतो, चिकटतो. पण मुलं आजारी पडली की पेज लागते. पानानं वास येईल हो, असा मऊपणा कुठून आणू?” पाच किलो घेतला, आमच्याच भावानं. दिवसभरातली तेवढीच विक्री.

निघताना त्यांनी पातीचे दोन फुटवे दिले. लावावेत की नाही, यावरून परतीच्या एसटीत आमचं भांडण झालं, गटात अजून एकमत नाही. तोवर मी ते मोरीच्या पाण्यावर, सावलीत लावलेत. तगलेत.