पाण्यातील फ्लोराइड आणि घरची गाळणी

लष्करच्या नळांना तिघऱ्याच्या धरणाचे पाणी येते. सांक नदीवरील हे धरण 1916 मधील. जमिनीवर साठलेल्या अशा पाण्यात फ्लोराइड सहसा थोडेच असते. कूपनलिकेची गोष्ट निराळी. तिचे पाणी खडकात दीर्घकाळ मुरलेले असते व खडकातील फ्लोराइड त्यात उतरते. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नरवरच्या बाजूस त्याचे दातांवरील व हाडांवरील परिणाम दिसून आले आहेत.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट. दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालते. पाणी उकळले की निर्धास्त, ही घरोघरची समजूत जंतूंपुरती खरी आहे. फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. कँडलच्या फिल्टरमधूनही ते तसेच खाली उतरते.

मग उपाय कोणता? नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने नलगोंडा पद्धत सिद्ध केली. पाण्याची परीक्षा करून ठरविलेल्या प्रमाणात बादलीत चुना व तुरटी घालावी, 10 मिनिटे ढवळावे, तासभर निवळू द्यावे आणि वरचे पाणी काढून घ्यावे. सक्रिय ॲल्युमिनाची गाळणीही फ्लोराइड धरून ठेवते. परंतु तिची शक्ती कालांतराने संपते, आणि संपली तरी पाणी स्वच्छच दिसते. म्हणून गाळलेले पाणीही वेळोवेळी तपासून घेतलेच पाहिजे. थोरल्याच्या दातांवर पडलेला डाग गाळणीने जाणार नाही. धाकट्याचे दात मात्र वाचतील.