आल्याची बाटली

परभणीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला सोड्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गंगाखेडला आमच्या दुकानात मात्र त्याच वेळी गर्दी असे. आबा, म्हणजे माझे वडील, गोटी सोडा विकत.

ही बाटली मूळची विलायतेची. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२च्या सुमारास ती काढली. बाटली उलटी करून वायू भरायचा. गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला दाब तिला रबरी कडीवर घट्ट बसवतो. बूच नको, झाकण नको. गोटी आत दाबली की ‘फट्ट’ असा आवाज! यंत्राचं चाक फिरवण्याचं काम माझ्याकडे असे.

आबांकडे चार प्रकार होते: साधा, लिंबू, संत्रं आणि आलं. आल्याचा पाक ते घरीच करत. मोंढ्यावर कापूस घालून आलेला शेतकरी ओट्यावर टेकला की म्हणायचा, ‘‘आबा, आल्याची द्या.’’ पोट जड झालं तरी तीच, घसा बसला तरी तीच.

१९७७ साली कोकाकोला भारतातून गेला. सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ काढलं, पारलेने थम्स अप आणलं. पण आम्हा पोरांचा जीव पारलेच्याच गोल्ड स्पॉटवर. नारिंगी रंग, पत्र्याचं बूच, जाहिरात! गिऱ्हाईकही तेच मागू लागलं. आबांनी निमूटपणे गोल्ड स्पॉटचे क्रेट ठेवले. आल्याचा पाक उरू लागला, नासू लागला. एका उन्हाळ्यात त्यांनी तो केलाच नाही. मला काही वाटलं नाही. उलट आलं ठेचण्याचं काम सुटलं, याचाच आनंद झाला.

पुढे १९९३ मध्ये कोकाकोला परतला. त्याने पारलेची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेयं विकत घेतली. थम्स अप टिकलं, कारण लोकांनी ते सोडलं नाही. गोल्ड स्पॉट मात्र फँटाला जागा करून देत बंद झालं. मी तेव्हा नोकरीनिमित्त शहरात होतो. फार हळहळलो. सुट्टीत घरी आल्यावर आबांना तावातावाने सांगितलं. ते हसून एवढंच म्हणाले, ‘‘आपली आल्याची बी बंदच झाली की रे.’’

त्या दिवशी पाकाची कृती विचारायला हवी होती. आलं, साखर, मिरं एवढं मला आठवतं. पण किती आणि कधी घालायचं, ते त्यांच्या हातात होतं. आबा गेले आणि ते प्रमाणही गेलं. मी घरी अनेकदा करून पाहिलं. तिखट होतं, गोड होतं, पण ‘आल्याची’ होत नाही.

आता जुन्या चवी परत येत आहेत. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅम्पा विकत घेऊन २०२३ मध्ये बाजारात आणलं. गोटी सोडाही परदेशी निघाला आहे. आनंदच आहे. पण ज्याला नाव असतं, तेच विकत घेता येतं. गावोगावच्या अशा बाटल्यांना ना नाव होतं, ना चिठ्ठी.

तुमच्या घरी असा एखादा हात अजून असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि प्रमाण लिहून घ्या.