कादंबरीचा शेवट

शेवटचा शेंगदाणा खवट निघाला म्हणजे आधींच्या मूठभर दाण्यांची चव जाते. कादंबरीचेंही तसेंच होतें. मात्र तेथलें नुकसान जिभेपुरतें राहत नाहीं. शीवच्या स्टेशनावर सकाळची गाडी धरणारा एखादा कारकून वाचनालयाचें पुस्तक जेवणाच्या डब्याशेजारीं ठेवून पंधरा दिवस येतां-जातां वाचतो, आणि त्यांतल्या माणसांच्या काळज्या आपल्या काळज्यांत मिळवितो. शेवटच्या दहा पानांत त्याचा विश्वासघात झाला, तर मागचीं दोनशें पानेंही त्याला खोटीं वाटूं लागतात.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रकारांनीं कथानकाचे पांच संधी सांगितले. त्यांतला शेवटचा निर्वहण. तेथें अद्भुत रस असावा असें त्यांचें मत. पण तें आश्चर्य आरंभीं पेरलेल्या बीजांतूनच उगवावयाचें, बाहेरून आणून लावावयाचें नव्हे.

मराठी कादंबरीच्या अगदीं उगमापाशींच याचें उदाहरण सांपडतें. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. यमुना आणि तिचा पति विनायक प्रवासाला निघतात, आणि वाटेंत विधवांच्या कहाण्या एकामागून एक त्यांच्या कानांवर येतात. त्या कहाण्या आजही मन हलवून सोडतात. पुढें विनायक मरण पावतो, यमुना ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो. पदमनजींनीं स्वतः १८५४ सालीं तो धर्म स्वीकारला होता. तेव्हां त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेणें अन्यायाचें होईल. पण वाटेंत भेटलेल्या त्या बाकीच्या बायांचें काय? प्रश्न त्या सर्वांचा होता, उत्तर एकट्या यमुनेला मिळालें. मग वाचकाला वाटूं लागतें कीं, त्या अभागिनींचे अश्रू पुरावा म्हणून तर गोळा केले नव्हते ना? ही शंका अन्यायाची असेलही. पण ती शेवटानेंच उत्पन्न केली आहे.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरींत ताटातूट झालेल्यांची अखेर भेट होते. तेथें कोणी फारसा रागावत नाहीं, कारण अद्भुत कथेकडून कोणी निराळें मागितलेलेंच नसतें.

कित्येक वाचक दुःखद शेवट आणि निराशा करणारा शेवट यांत गल्लत करितात. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधल्या यमूच्या वांट्याला मुंबईच्या बिऱ्हाडांतले सुखाचे चार दिवस येतात. पुढें वैधव्य, आणि केशवपन. वाचतांना पुस्तक भिंतीवर फेकावेसें वाटतें, पण तो राग लेखकावर नसतो, समाजावर असतो. हरिभाऊंनीं तिला सुखी करून सोडलें असतें, तर तीच खरी फसवणूक झाली असती. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मध्येंही हेंच दिसतें. बोट मुंबईला लागते, चक्रधर उतरतो, हॅर्टा पुढें जाते. मग तिचीं पत्रें येतात, आणि तिनें समुद्रांत उडी घेतल्याचें कळतें. युद्धाच्या तोंडावरच्या युरोपांतून हांकलल्या गेलेल्या त्या यहुदी मुलीला दुसरा कोणता शेवट सुचवावा?

डिकन्ससारख्या कसलेल्या लेखकाचाही येथें पाय डळमळला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची (१८६१) नायक-नायिका त्यानें प्रथम कायमचीं दूर केलीं होतीं; बुल्वर-लिटन या स्नेह्याच्या सल्ल्यावरून शेवट बदलून त्यांच्या मीलनाची आशा ठेविली. मूळचा शेवट पुढें फॉर्स्टरनें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत छापला गेला, आणि दोहोंपैकीं खरा कोणता हा वाद अजून मिटलेला नाहीं. पहिलाच त्या कथेला अधिक शोभतो.

हरिभाऊंची ‘कर्मयोग’ तर पुरीच झाली नाहीं. ‘करमणूक’ पत्रांतून हप्त्याहप्त्यानें लिहिणाऱ्याच्या नशिबीं हें यावयाचेंच. पण तेथें वाचक हळहळतो. त्या माणसांचें पुढें काय झालें असेल, याचा विचार पुढें कित्येक दिवस करीत राहतो.